निवाऱ्याचा हक्क तारखेवर ठरतो काय?



एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या वसाहतीत कोणाला अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येतात. मी घराण्यातला पहिला पदवीधर, पेशाने मास्तर, अक्षर बरे. पावसाळ्यापूर्वी अशीच मंडळी आली. विहाराशेजारच्या रिकाम्या हॉलमध्ये महापालिका बेघरांसाठी रात्रनिवारा काढणार अशी बातमी होती, तिला विरोध करायचा होता. मी अर्ज लिहिला. परिसराची शांतता, स्वच्छता, स्त्रियांची सुरक्षितता, बाहेरून आलेले लोक, असे सारे शब्द झरझर उतरले. पहिली सही माझीच.

चार दिवसांनी वर्गात हजेरीपटावर मुलांचे पत्ते भरत होतो. एक मुलगी म्हणाली, "पुलाखाली, तिसरा खांब." हा पूल आमच्या विहारापासून हाकेच्या अंतरावर आहे. मुले हसली. त्या रकान्यात काय लिहावे ते मला कळेना.

वाचकहो, मी अर्जात लिहिलेले शब्द माझ्या वडिलांनी ऐकलेले आहेत. आज जिथे आमची इमारत आहे तिथे झोपड्या होत्या आणि पलीकडचे लोक आमच्याविषयी हेच बोलत. वडिलांनी रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर्षानुवर्षे जपले. ते १ जानेवारी १९९५ च्या आधीचे होते, म्हणून आम्हाला घर मिळाले. आम्ही म्हणतो, कष्टाने मिळाले. कष्ट त्या मुलीचा बापही करतो. आमच्याजवळ तारीख होती, त्याच्याजवळ नाही.

मुंबईत घराचा प्रश्न बराच काळ असाच सोडवला गेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे आणि कामगारांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे. पहिल्या वीस वर्षांत बांधलेल्या खोल्यांपेक्षा पाडलेल्या जास्त झाल्या. तरी ज्या चाळी उठल्या त्यांचे मोल आपण जाणतो, कारण परळच्या अशाच चाळीत दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेबांचे कुटुंब कित्येक वर्षे राहिले. भाडे भरून राहिले हे खरे. पण ते छप्पर सार्वजनिक संस्थेने उभारलेले होते. पुढे हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

१९८१ च्या जुलैत, भर पावसात, फुटपाथवरच्या लोकांना उठवून शहराबाहेर धाडण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालय म्हणाले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. त्याच निकालात नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याची मुभाही महापालिकेला राहिली. पर्यायी जागा मिळायची ती १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली त्यांना. नंतर सरकारने १९९५ ची तारीख धरली, मग २००० ची, पुढे २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. तारीख पुढे सरकते त्याचा आनंदच आहे. पण ती सरकली तरी झोपडी असावी लागते, झोपडीचा पुरावा असावा लागतो. तिसऱ्या खांबाला टेकून निजणाऱ्याजवळ झोपडीच नाही, मग त्याचा पुरावा कशाचा?

२०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर माणसे बेघर नोंदली गेली. मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. सव्वा कोटीच्या या शहराला सव्वाशे निवारे हवेत. ती संख्या कधीच गाठली गेली नाही. महापालिकेचा दोष त्यात आहेच. पण जिथे जागा निघते तिथे माझ्यासारख्या मास्तराचा अर्जही पोचतो, हे मला आता दिसते.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक हकिगत आहे. आरंभी भिक्खू झाडाखाली, गुहेत, स्मशानात रात्र काढीत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांना पहाटे तिथून येताना पाहिले आणि भगवंतांची अनुमती घेऊन एका दिवसात साठ निवासस्थाने उभी केली. ती कोणाला अर्पण करू, असे त्याने विचारले तेव्हा बुद्धांनी एकाही भिक्खूचे नाव घेतले नाही. चारी दिशांच्या संघाला दे, म्हणाले, आलेल्यांना आणि अजून न आलेल्यांना. तो नियम भिक्खूंचा, महापालिकेचा नव्हे, हे मलाही कळते. घरे थोडी आणि माणसे फार असली की कुठेतरी रेघ ओढावी लागते, तीही गोष्ट खरी. पक्क्या घराची रेघ तारखेवर ओढा, मी वाद घालणार नाही. पण रात्री पाठ टेकण्याच्या जागेलाही तीच रेघ लावावी काय?

तुम्ही म्हणाल, मास्तर, दारुडे येतील, चोऱ्या होतील, आमच्या मुली तिथून जातात. ही भीती खोटी नाही. मीही एका मुलीचा बाप आहे. पण ती माणसे नव्याने येणार नाहीत. ती आजही त्याच पुलाखाली आहेत. सर्वांत असुरक्षित आहे ती तिथे मूल कुशीत घेऊन निजणारी बाई. हॉलला दार असेल, दिवा असेल, चौकीदार असेल, नोंदवही असेल. विहारातून वंदना करून निघताना आपण तिला ओलांडूनच घरी जातो.

माझी बायको मात्र एवढेच म्हणाली, "अर्ज तुम्ही लिहिलात, आता परतही तुम्हीच घ्या."

अर्जावर बासष्ट सह्या आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर मी आपली सही मागे घेत असल्याचे पत्र वाचून दाखवणार आहे आणि सोमवारी ते वॉर्ड ऑफिसात देणार आहे. आमचे अध्यक्ष रागावले आहेत. उरलेल्या एकसष्टांपैकी कितीजण सोबत येतील ते सांगता येत नाही. हजेरीपटात मी त्या मुलीचा पत्ता तिने सांगितला तसाच लिहिला आहे.