अडवणारा जोडीदार

आमचा भाचा फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धेत कॅप्टन. सामना दोन संघ विरुद्ध दोन संघ. बाद फेरीआधी वरचे संघ जोडीदार निवडतात. एकाला नकार दिलात, की दुसऱ्या कुणालाही तुम्हाला बोलावता येत नाही. स्थळं पाहण्यापेक्षा कडक!

भाच्यानं जिवलग मित्राला सोडून भलत्याच संघाला मागणी घातली. त्यांचा रोबो स्वतः गुण कमी मिळवतो, समोरच्याला मात्र छान अडवतो.

"हे शोभतं का रे?"

"मामा, अंधेरीला लोकलच्या दारात तू काय करतोस?"

मी गप्प. बोरिवलीला दार अडवणाऱ्यांना शिव्या घालतो, आणि अंधेरीला तेच दार मी अडवतो!

अडवण्यात पाप नसेलही. पण निवड मित्राला लाउडस्पीकरवरून कळली, एवढं मात्र टोचतं.