इंजिन खोललेच आहे तर
शास्त्रभाग : मत्तय 9:17, गलती 1:17, 18



पांढुर्ण्याहून सौंसरला उपासनेसाठी जाताना आम्ही वाटेत एका गॅरेजपाशी थांबलो. आमच्या मंडळीतील एका तरुणाच्या जुन्या पेट्रोल मोटारीचे इंजिन तेथे उतरवले होते. रिंगा झिजल्या होत्या, धूर येत होता. दोन वर्षांनी पैसे जमले की टर्बो बसवावा, असे त्याच्या मनात होते. तूर्त साधे पिस्टन व बेअरिंगे घालून काम उरकावे, पुढचे पुढे पाहू, असे तो म्हणत होता.

मिस्त्री म्हणाले, "पुढचं आजच ठरवावं लागेल. नाहीतर हेच इंजिन पुन्हा खोलाल."

वाचकांपैकी अनेकांना टर्बो ठाऊक असेल. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत भरते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने 1905 साली याचे पेटंट घेतले. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त. मग शक्ती वाढते, आणि दाब व उष्णताही वाढते. ती सोसायची कोणी? आतल्या भागांनी.

म्हणून ओतीव पिस्टनऐवजी घडीव पिस्टन हवेत. रिंगेच्या दोन टोकांमधली फट जास्त ठेवावी लागते. तीन इंची बोअरला एरवी इंचाचे 12 हजारांश पुरतात, तर टर्बोसाठी साधारण 15 ते 18 लागतात. फट कमी पडली तर तापून फुगलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, आणि रिंग किंवा पिस्टन फुटतो. हेड गॅस्केट पोलादी पत्र्यांचे हवे. टर्बोला पाजलेले ऑइल परत यावे म्हणून वाटही आजच पाडून ठेवावी. (अशा बदलास परिवहन खात्याची परवानगी लागते, हेही मिस्त्रींनी बजावले. ते बरे केले.)

पण त्या तरुणाला खटकले ते वेगळेच. टर्बोसाठी कॉम्प्रेशन कमी ठेवावे लागते. दहास एक असेल तर साडेआठास एक. म्हणजे टर्बो येईपर्यंत गाडी पूर्वीपेक्षाही मंद चालणार. "पाळकसाहेब, पैसे जास्त घालायचे आणि दोन वर्षं सायकलवाल्यांनी हसायचं? बाबा तर वेड्यात काढतात. तुम्हीच सांगा."

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दाखला आम्ही कितीदा तरी सांगितला आहे. द्राक्षारस आंबताना दाब वाढतो आणि वाळलेले कातडे ताणत नाही, हेही समजावले आहे. तरी काही वर्षांपूर्वी एक नवा विश्वासी तरुण आमच्याकडे आला. बोलण्यात गोड, गळा चांगला. सहा महिन्यांत आम्ही त्याच्याकडे शब्बाथशाळा दिली, तरुण संघ दिला, व्यासपीठही दिले. घरी आजारी आई होती, नोकरी पक्की नव्हती, पवित्र शास्त्र नुकते कोठे उघडले होते. वर्षाच्या आत त्याने येणे सोडले. आम्ही पंचांपुढे म्हणालो, त्याचा विश्वास कच्चा होता. विश्वास कच्चा नव्हता. आम्ही फट न मोजता दाब दिला होता. हे आम्ही येथे प्रथमच लिहीत आहोत.

पौल दिमिष्काच्या वाटेवर पडला, पण लगेच यरुशलेमेस प्रेषितांकडे गेला नाही. तो अरबस्तानात गेला, परत दिमिष्कास आला, आणि तीन वर्षांनंतर यरुशलेमेस गेला. अरबस्तानात काय घडले ते शास्त्र सांगत नाही. शिक्षकांनी हा भाग वर्गात घाईने उरकू नये, अशी आमची विनंती आहे.

त्या तरुणाला आम्ही एवढेच म्हणालो, "हसणारे दोन वर्षं हसतील. तुला चालेल का, ते तू ठरव." त्याने बराच वेळ हिशेब केला आणि घडीव पिस्टन मागवले. आता त्याची गाडी चढावर मागे पडते. ऑइलच्या परतीच्या भोकात सध्या एक बोल्ट घट्ट बसवलेला आहे.

शब्बाथशाळेच्या यंदाच्या शिक्षकांच्या यादीत एका हुशार मुलीचे नाव सुचवले गेले होते. बाप्तिस्मा घेऊन तिला चार महिने झाले आहेत. ती जागा आम्ही रिकामी ठेवली आहे; ती मुलगी मोठ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसते आणि पुष्कळ प्रश्न विचारते.