थोडेच आहोत, म्हणून काय?



‘फादर, आम्ही चार घरं, आमची कसली मंडळी?’ हा प्रश्न अधूनमधून कानावर येतो.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. तेथे पलीकडच्या तीरावर कोर्लई आहे. १७४० साली पोर्तुगीज निघून गेले. राज्य गेले, सैन्य गेले. शेतात राबणारी ख्रिस्ती कुटुंबे मात्र राहिली. त्यांची श्रद्धा टिकली, घरातली पोर्तुगीज वळणाची बोलीही टिकली.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मूठभर घरांच्या गावातही चर्च असते. तेथील बहुतेक लोक लुथरन पंथाचे. पाळक दर रविवारी पोचत नाही; तेव्हा गावातलाच एक जण प्रवचन वाचून दाखवतो.

मग मंडळी कशाने होते? संख्येने म्हणावे, तर बाजारातही गर्दी असते. धर्मगुरूमुळे म्हणावे, तर त्याची बदली होते. मिस्साबली आपल्या श्रद्धेचे केंद्र आहे, त्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. पण त्या वेदीवरून उठून आपण कोणाच्या दारी जातो, आजारपणात, मयताला कोण धावतो, यावरून मंडळी ओळखली जाते.

मोठ्या गर्दीत एक जण आला नाही तर कळत नाही. चार घरांत मात्र रिकामी जागा लगेच दिसते. म्हणून थोडे असणे ही सबब नव्हे. ती जास्तीची जबाबदारी आहे.

आज मिस्सानंतर पाहा, कोण आले नाही. घरी जाताना त्यांच्या दारावरून जा.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू