तटस्थाचें लोखंड

युद्धांत तटस्थ राहणाऱ्याचें पाप कोणतें, असा प्रश्न निघाला कीं प्रथम बलराम आठवतो. भीम आणि दुर्योधन हे दोघेही त्याचे गदाशिष्य. तेव्हां कोणाचाही पक्ष न घेतां तो तीर्थयात्रेस निघून गेला. त्याचें हें करणें वाचकांस पटो वा न पटो, त्याच्या तटस्थतेंत एक स्वच्छता होती. वाटेंत त्यानें कोणत्याही सैन्यास लोखंड विकलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतील स्वीडनची तटस्थता या जातीची नव्हती. त्या देशाच्या उत्तरेस किरुना आणि येलिवारे येथें लोहखनिजाच्या प्रचंड खाणी आहेत. स्वीडनमधून वर्षास सुमारें १ कोटि टन खनिज जर्मनीस जाई, आणि तेथील पोलादाच्या भट्ट्यांचें पोट बऱ्याच अंशीं त्यावर भरे. उन्हाळ्यांत लुलेओ बंदर चाले. हिवाळ्यांत तेथील समुद्र गोठला कीं आगगाड्या नॉर्वेंतील नार्विकची वाट धरीत. ८ एप्रिल १९४० रोजीं ब्रिटननें नॉर्वेच्या किनाऱ्यालगत पाणसुरुंग पेरले, दुसऱ्याच दिवशीं जर्मनीनें त्या देशावर झडप घातली. दोहोंच्याही मनांत हा खनिजाचा मार्ग होता. बिचाऱ्या नॉर्वेनें कोणाचें घोडें मारलें होतें?

आतां स्वीडनची कैफियत ऐकावी. नकार दिला असता तर नॉर्वेचीच गत झाली असती. शिवाय खनिजाच्या बदल्यांत जर्मन कोळसा येई, आणि उत्तरेच्या थंडींत त्यावांचून निभाव नव्हता. भयानें केलेलें कर्म आणि लोभानें केलेलें कर्म यांस एकाच मापानें मोजूं नये, हें मला मान्य आहे. पण भय ओसरूं लागल्यावर हात केव्हां आखडला, हें पाहिल्यावांचून त्यांत भय किती व लोभ किती हें कळावयाचें नाहीं. फेब्रुवारी १९४३ मध्यें स्टालिनग्राडला जर्मन सेना शरण गेली. खनिज मात्र त्यानंतरही जातच राहिलें, आणि तें थांबावयास १९४४ चा उत्तरार्ध उजाडला. तेवढ्या काळांतील पोलादानें किती मेले, याचा हिशेब कोणत्याही पेढीच्या वहींत नाहीं.

इतकें लिहून लेखणी निकाल देण्यास पुढें सरते, तोंच दुसरी एक गोष्ट आड येते. ऑक्टोबर १९४३ च्या आरंभीं डेन्मार्कमध्यें ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हां ७,००० हून अधिक माणसें मासेमारांच्या होड्यांतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनच्या किनाऱ्यास लागलीं, आणि स्वीडननें त्यांस उघडपणें आसरा दिला. १९४० सालींच हा देश चिरडला गेला असता, तर त्या होड्यांनीं कोणता किनारा गांठावयाचा होता? खनिजाचें पाप त्यामुळें फिटलें असें मी म्हणत नाहीं. त्या पोलादानें जे मेले त्यांना या होड्यांचें काय? परंतु स्वीडननें बलरामाप्रमाणें तीर्थयात्रेस निघून जावयास हवें होतें, असें म्हणण्याचाही धीर मला आतां होत नाहीं.