रिकाम्या खाचेचे मोल

१९३३ सालची ब्रिटिश पेनी मागच्यापुढच्या सालांच्या पेनीसारखीच दिसते. वजन सुमारे साडेनऊ ग्रॅम, धातू बहुतांशी तांबे, एका बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्रिशूळ धरून बसलेली ब्रिटानिया. जुन्या हिशेबात अशा २४० पेन्यांचा एक पौंड होई. १९३२ची झिजलेली पेनी आजही चिल्लर भावात मिळते, तर १९३३च्या पेनीसाठी संग्राहक हजारो पौंड मोजतात. फरक शेवटच्या एका आकड्याचा. त्या वर्षी बाजारात पेन्या पुरेशा फिरत होत्या, म्हणून टाकसाळीने चलनासाठी नव्या पाडल्याच नाहीत. इमारतींच्या कोनशिलेखाली ठेवायला आणि संग्रहालयांना द्यायला तेवढ्या मोजक्या पाडल्या. त्या साधारण सात धरल्या जातात. मग हे मोल राहते कुठे? तांब्यात ते नाही, हे उघड आहे. घेणाऱ्याच्या लहरीत आहे, असे उत्तर चटकन दिले जाते, पण ते पुराव्यापुढे टिकत नाही.

या प्रश्नाला आपल्या दर्शनांत एक नेमके हत्यार सापडते. न्याय-वैशेषिक परंपरेने पुढच्या काळात अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त तो सातवा आहे. अभाव कधीही नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. संग्राहकाचा पुठ्ठ्याचा अल्बम डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक सालासाठी एक गोल खाच: १९३१ भरलेली, १९३२ भरलेली, मग एक रिकामी, पुढे १९३४ भरलेली. त्या रिकाम्या खाचेचा प्रतियोगी ठरलेला आहे. पेनीचे मोल असंख्य अल्बमांतल्या या रिकाम्या खाचांनी घडवले आहे. ते एका नाण्यात साठलेले नाही. इतर नाण्यांच्या नसण्याशी त्याचे जे नाते आहे, त्यात ते आहे.

यावर प्राभाकर मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनातल्या प्रभाकराचा अनुयायी, म्हणेल की अभाव नावाची वेगळी वस्तूच नाही. घडा नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीन, आणि रिकामी खाच म्हणजे नुसता पुठ्ठा. पण कोऱ्या पुठ्ठ्यावरही नाणे नसते, आणि तिथे काही उणे आहे असे कोणाला वाटत नाही. उणेपणा कळायला आधी एक क्रम लागतो. १९२३ ते १९२५ या तीन वर्षांत पेन्या पाडल्याच गेल्या नाहीत. त्या सालांना अल्बमात खाच नसते, म्हणून काही हुकल्याची रुखरुखही नसते. उलट, कोणी घरी तांब्याची चकती ठोकून तिच्यावर स्वतःचे नाव कोरले, तर ती जगात एकमेव ठरेल आणि तरीही कवडीमोल राहील. तेव्हा दुर्मीळपणा एकटा पुरत नाही; ज्या मालेत ती वस्तू बसते, ती मालाही असावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही माला माणसानेच रचली, मग मोलही कल्पितच नव्हे का? माला रचलेली आहे, हे खरेच. पण रचल्यावर ती रचणाऱ्यालाही बांधते. दुसऱ्या सालचा शेवटचा आकडा कोरून कोणी १९३३ केला, आणि भिंगाखाली ती लबाडी उघडी पडली, की किंमत त्याच क्षणी कोसळते. घेणाऱ्याची हौस तीळभरही कमी झालेली नसते; बदलते ते फक्त टाकसाळीत काय घडले याविषयीचे ज्ञान. लहर कधी चुकत नाही, कारण तिला चुकण्यासारखे काही नसतेच. मोल ठरवताना मात्र माणूस चुकू शकतो, म्हणजे ते लहरीहून वेगळे आहे. नाते हे वस्तूइतकेच खरे असू शकते.

धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा, प्रश्न इथे उभा राहतो. लीड्समधल्या दोन चर्चच्या कोनशिलेखाली १९३३च्या पेन्या ठेवल्या होत्या. ठेवताना त्यांचे नाते त्या वास्तूशी होते: हे मंदिर अमुक साली उभे राहिले, याची जमिनीत पुरलेली साक्ष. १९७०मध्ये चोरांनी मिडल्टनच्या सेंट क्रॉस चर्चमधली पेनी पळवली. दुसऱ्या चर्चमधलीही जाऊ नये म्हणून बिशपच्या संमतीने ती बाहेर काढून १९७२मध्ये विकली गेली. त्या निर्णयाला दोष देता येत नाही. शिळा पुन्हा फुटण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हते. पण पेनी तीच राहिली आणि तिचे नाते बदलले, एवढे त्या व्यवहारात घडलेच. मोल वस्तूत असते, तर ती कुठेही ठेवली तरी आपली जबाबदारी संपली असती. ते नात्यात असते, म्हणूनच एखादी वस्तू साक्षीच्या जागी राहू द्यायची की बाजाराच्या मालेत बसवायची, हे ठरवणे आपले कर्म होते, आणि त्याचे फळही आपलेच.