चढा आवाज आणि तोकडे कान

संभाषण किती अंतरावरून होऊ शकेल हे बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरते, असा सर्वसाधारण समज असतो; परंतु संभाषणाला दोन टोके असतात आणि ज्या टोकाचा आवाज क्षीण पोहोचतो त्या टोकावरच त्याची मर्यादा पडते. हे साधे तत्त्व अमेरिकेतील सिटिझन्स बँड, म्हणजेच सीबी रेडिओच्या इतिहासात वारंवार विसरले गेले. सामान्य नागरिकांना परीक्षा न देता परस्परांशी बोलता यावे यासाठी तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक संस्थेने १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा खुला केला. त्यात आरंभी २३ चॅनेल होते, १९७७ पासून ते ४० झाले, आणि नेहमीच्या पद्धतीच्या प्रक्षेपणासाठी ४ वॅट ही शक्तीची कमाल मर्यादा ठरली. ही मर्यादा ओलांडण्यासाठी संच उघडून त्यात फेरफार करण्याची खटपट सीबीच्या सोबतीनेच वाढली, आणि तिच्या लाभहानीचा हिशेब मांडू लागल्यास तो तंत्राइतकाच सामायिक वस्तूच्या वापराचा हिशेब ठरतो.

या पट्ट्यावर गर्दी कशी झाली हे आधी पाहणे आवश्यक आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी अमेरिकेत महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांना डिझेल कोठे मिळेल आणि पोलिसांची गाडी कोठे दबा धरून आहे हे एकमेकांना कळवण्याची गरज भासू लागली, आणि सीबीचा संच ट्रकच्या केबिनमधील आवश्यक वस्तू बनला. १९७५ मध्ये परवान्याचे शुल्क २० डॉलरवरून ४ डॉलरवर आले, त्याच सुमारास 'कॉन्व्हॉय' हे ट्रकचालकांच्या सीबीवरील बोलीत रचलेले गाणे घरोघरी पोहोचले, आणि अखेर १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटच रद्द झाली. महामार्गावरील गप्पांसाठी चॅनेल १९ अशी वहिवाट पडली, तर संकटकाळासाठीचा चॅनेल ९ नियमानेच राखीव होता. पण बोलणारे अनेक आणि चॅनेल मोजके असल्याने आपला आवाज इतरांवर चढवण्याचा मोह होणे स्वाभाविक होते.

हा मोह पुरा करण्याचे मार्ग तीन. पहिला सर्वांत सोपा: संचाच्या तळाचे चार स्क्रू काढून झाकण उचलले की सर्किट बोर्डावर छोट्या पेचांसारखे दिसणारे काही समायोजक आढळतात, त्यांतील एखादा प्लॅस्टिकच्या बारीक पेचकसाने किंचित फिरवला की शक्तिमापकाचा काटा ४ वॅटच्या पुढे सरकतो. दुसरा मार्ग मॉड्युलेशनवरील लगाम काढण्याचा. आयाम-मॉड्युलेशन या पद्धतीत संच एक स्थिर वाहक लहर सोडतो आणि बोलणाऱ्याचा आवाज त्या लहरीची उंची कमीजास्त करतो. ही चढउतार प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून संचात एक मर्यादक बसवलेला असतो, आणि तो निकामी केला की आवाज अधिक दणदणीत वाटतो. तिसरा मार्ग म्हणजे संच आणि अँटेना यांच्यामध्ये स्वतंत्र विवर्धक, म्हणजे शक्ती अनेक पटींनी वाढवणारी पेटी, जोडण्याचा. तिने ४ वॅटचे १०० किंवा त्याहूनही अधिक वॅट होतात.

आता लाभाचा हिशेब. रेडिओच्या संकेतमापकावरील एक अंश वाढायला रूढ संकेतानुसार शक्ती चौपट व्हावी लागते, म्हणून ४ वॅटचे १६ वॅट केले तरी ऐकणाऱ्याच्या मापकावर काटा एकच अंश पुढे जातो, आणि १०० वॅटचा विवर्धक जोडल्यावरही ही वाढ दोन अंशांच्या थोडीशीच पुढे राहते. मोकळ्या अवकाशात दुप्पट अंतर गाठण्यासाठी चौपट शक्ती लागते. जमिनीलगत असलेल्या दोन अँटेनांमध्ये मात्र थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना छेदत असल्याने सपाट प्रदेशातही दुप्पट अंतराला साधारण सोळापट शक्ती द्यावी लागते. याचा अर्थ २५ पट शक्ती वाढवूनही पल्ला ढोबळमानाने सव्वादोन पटच वाढतो, आणि टेकडी आड आली तर तेवढाही नाही. उलट बाजूने गाडीच्या विद्युतयंत्रणेवरचा भार मात्र सरळ हिशेबाने वाढतो: निम्मी शक्ती उष्णतेत जाते असे धरल्यास १०० वॅटच्या प्रक्षेपणाला गाडीच्या यंत्रणेतून सुमारे १५ अँपियर प्रवाह ओढावा लागतो, आणि संचाच्या आतच पेच फिरवलेला असेल तर शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर तापून जळण्याची टांगती तलवार राहते.

शिवाय ही सारी वाढ एकाच दिशेची असते. शंभर वॅटने बोलणाऱ्याचे शब्द दूरच्या चालकाला स्पष्ट ऐकू येतील, पण त्याच्या ४ वॅटच्या उत्तरात या विवर्धकाने तसूभरही भर पडणार नाही. अशा केंद्राला इंग्रजी रेडिओबोलीत 'ॲलिगेटर', म्हणजे मगर, म्हणतात: जबडा अवाढव्य आणि कान नावापुरते. अँटेनाचे काम याच्या उलट आहे, कारण तो पाठवतो त्या लहरींप्रमाणेच येणाऱ्या लहरींनाही वाट देतो. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांबीची असल्याने पाव लहरीचा दांडा पावणेतीन मीटर भरतो; गाडीवर शोभावा म्हणून त्याऐवजी हातभर दांडा लावला तर संचाने दिलेल्या शक्तीचा मोठा भाग तारेच्या वेटोळ्यात उष्णता बनून संपतो. पूर्ण लांबीचा, नीट जुळवलेला आणि गाडीच्या पत्र्याशी पक्का जोडलेला दांडा हा कायद्याच्या चौकटीत राहून मिळणारा लाभ असतो, परंतु त्यासाठी मोजमाप आणि धीर लागतो. पेच फिरवण्याला दोन मिनिटे पुरतात.

हानीचा मोठा वाटा मात्र फेरफार करणाऱ्याच्या पदरी पडत नाही, तो शेजाऱ्याच्या पदरी पडतो. मर्यादक काढलेल्या संचात आवाजाच्या प्रत्येक खोल उतारावर वाहक लहर क्षणभर तुटते, त्या तुटण्याने नव्या वारंवारता जन्मतात, आणि त्या अवघ्या १० किलोहर्ट्झवर असलेल्या बाजूच्या चॅनेलमध्ये खरखर होऊन सांडतात. त्याहून दूरवर पोहोचतात त्या हार्मोनिक लहरी, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुपटीच्या, तिपटीच्या लहरी, ज्या गाळणी नसलेला स्वस्त विवर्धक मुक्तहस्ते निर्माण करतो. २७ ची दुप्पट ५४ होते, आणि अमेरिकेतील जुन्या दूरचित्रवाणीचा दुसरा चॅनेल नेमका ५४ मेगाहर्ट्झपासून सुरू होत असे. त्यामुळे कोणी ट्रकचालक किंवा शेजारचा हौशी बटण दाबून बोलू लागला की घरातील पडद्यावर तिरप्या रेघा उमटत, चित्र थरथरे, आणि बटण सोडताच सारे पूर्ववत होई. पाहणाऱ्याला दोष आपल्या दूरदर्शन संचाचा वाटे आणि बोलणाऱ्याला आपण काही बिघडवले याची वार्ताही नसे.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामायिक संसाधनांच्या शोकांतिकेची जी मांडणी केली ती गायरानाच्या उदाहरणाने होती: आणखी एक जनावर सोडल्याचा फायदा एकट्या मालकाला मिळतो, चारा कमी झाल्याचा तोटा साऱ्या गावात वाटला जातो, म्हणून प्रत्येक जण जनावरे वाढवत राहतो. सीबीचा पट्टा असेच एक गायरान आहे, परंतु त्यात एक भेद आहे. खऱ्या गायरानाचा चारा संपला की उगवायला पावसाळा लागतो, तर रेडिओचे गायरान बटण सोडल्याच्या क्षणी पुन्हा हिरवे होते. त्यामुळे नुकसान साचत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि करणाऱ्याच्या मनाला टोचतही नाही. साचत जाते ती फक्त सवय. एकाने १०० वॅट केले की ऐकू येण्यासाठी दुसऱ्याला २०० करावे लागतात, आणि सर्वांनी वाढवल्यावर सर्वांचे परस्परांतील स्थान पूर्वीइतकेच राहून केवळ गोंगाट उरतो. नियामकांनी १९७८ मध्ये २४ ते ३५ मेगाहर्ट्झदरम्यान चालणारे विवर्धक बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली, तेव्हा परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या हौशी रेडिओकारांनाही आपल्या २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी तयार विवर्धक मिळेनासा झाला. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

तरीही या खटपटीत काहीच मोल नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निर्जन प्रदेशात अडकलेल्या गाडीला थोडी अधिक शक्ती उपयोगी पडू शकते, आणि संच उघडून त्यातील एकेक भाग काय करतो हे पाहण्याच्या कुतूहलातून इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागू शकते. खूप दूरच्या संभाषणाचे श्रेय मात्र पुष्कळदा चुकून विवर्धकाला दिले जाते. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांनी ऐन भरात येते तेव्हा वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी पृथ्वीकडे परत वळवते, आणि ४ वॅटचा आवाजही महासागर ओलांडतो; सूर्य मंदावला की त्याच वाटेने हजार वॅटही जात नाहीत.

शक्तीचा मार्ग अमेरिकेच्या कायद्याने पूर्णतः बंद केलेला नाही, तो शिकण्याच्या दारातून नेला आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन हौशी रेडिओचा परवाना घेणाऱ्यास कित्येक पट्ट्यांवर १५०० वॅटपर्यंत मुभा मिळते, आणि त्याच नियमावलीत दुसरे बंधनही आहे: संभाषण पार पडण्यासाठी लागेल तेवढीच किमान शक्ती वापरावी. या हौशींमधील एक पंथ तर स्वेच्छेने ५ वॅटच्या आत राहून खंड ओलांडण्यात आपले कौशल्य मानतो. त्यासाठी तो अँटेना सुधारतो, सूर्याचा अंदाज घेतो आणि खरखरीत दडलेला आवाज कान देऊन वेचतो. सीबीवाल्याला अपुरी वाटलेली ४ वॅटची शक्ती आणि या पंथाने आपणहून स्वीकारलेली मर्यादा यांत जेमतेम एका वॅटचे अंतर आहे.