न आलेल्याचा वाटा

निवांत बसा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या. आज एका जुन्या जेवणाचे मनन करायचे आहे. घाई नको.

आधी पहाट डोळ्यांपुढे आणा. भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू आहे, बांध्यांत पाणी साचले आहे. डबा बांधून बाया उजाडण्याआधीच घराबाहेर पडल्या आहेत. येशूवर विश्वास ठेवणाऱ्या पहिल्या पिढ्यांतही असे राबणारे पुष्कळ होते: दास, कारागीर, मजूर. येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस रविवार, म्हणून त्या दिवशी ते जमत. पण रोमन साम्राज्यातल्या शहरांत रविवारची सुट्टी मिळाली ती 321 साली. तोवर प्रार्थनेची वेळ कामातूनच काढावी लागे.

सुमारे 112 साली बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजनाला कळवले: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. चोरी करणार नाही, शब्द मोडणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही, अशी शपथ घेतात. मग पुन्हा जमून साधे अन्न एकत्र खातात. यात खरे किती ते कळावे म्हणून त्याने मंडळीतल्या दोन दासी-सेविकांचा छळ केला. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत. त्या दोघींपाशी थोडा वेळ थांबा.

आता वैनगंगेचा काठ आठवा. पाणी वाहते आहे. ‘डिडाखे’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात सांगितले आहे की बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होतानाचा जलसंस्कार, वाहत्या पाण्यात द्यावा, तशी सोय नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा पाणी ओतावे. त्याआधी उपवास. त्या पाण्यातून दासही बाहेर येई आणि मालकही. पुढे दोघांनी एकाच पंगतीला बसायचे.

ते सोपे नव्हते. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत कुणी पोटभर जेवे, कुणी उपाशी राही. पहिल्या शतकाच्या मध्याला प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावले. स्वतःला विचारा: माझ्या पंगतीत कोण मागे राहते?

आता रोमला चला. साल सुमारे 155. जस्टिन नावाचा ख्रिस्ती विचारवंत सम्राटाला उद्देशून आपल्या लोकांची रीत सांगतो आहे. रविवारी शहरातले आणि खेड्यांतले लोक एकत्र येतात. वाचन होते, उपदेश होतो, सारे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो, आभार मानले जातात, लोक ‘आमेन’ म्हणतात. वाटप होते. आणि जे येऊ शकले नाहीत, त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. ज्यांच्याकडे आहे ते स्वखुशीने देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची काळजी घेतली जाते.

इथेच मन स्थिर करा. न आलेला माणूस या पंगतीने मोजला होता. देवाने आपल्याला मोजले, ही त्यांची श्रद्धा, आणि तो वाटा उचलून दारोदार नेणारे हात म्हणजे त्या श्रद्धेचा आचार. जस्टिन पुढे विश्वासासाठी मारला गेला. ही रीत टिकली.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे ख्रिस्ती मिशन नागपुरात आले आणि पुढे भंडाऱ्यातही. मिशनने इथे रुग्णसेवा केली. उपासनेला येऊ न शकणाऱ्याकडे आपण जायचे, हा त्या सेवेचा अर्थ जस्टिनच्या रोममध्येच ठरून गेला होता.

आता एक घर मनात आणा. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, कामासाठी परगावी गेलेल्याची बायको, किंवा आपण बोलावणेच सोडून दिलेला शेजारी. नाव घ्या. चेहरा दिसू द्या. तुमचा धर्म कोणताही असो, आज ताट वाढताना त्या घरचा वाटा आधी काढा, आणि तो स्वतः नेऊन द्या.